अंडाशयाचा कर्करोग : कौटुंबिक दातृत्व आणि संशोधनाची दीर्घ वाट

८ मे हा दिवस २०१३ पासून जगभर अंडाशयाच्या कर्करोगाविषयी जनजागृतीसाठी पाळला जातो. या निमित्ताने दरवर्षी या आजाराचे आकडे पुन्हा चर्चेत येतात आणि ते दिलासा देणारे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगातील सुमारे सव्वातीन लाख स्त्रियांना हा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा त्यात मृत्यू झाला. याच अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३३ हजार मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाखालोखाल अंडाशयाच्या कर्करोगाचा क्रमांक लागतो.

हे आकडे लवकर बदलत नाहीत, कारण या आजारावरील संशोधनाला विलक्षण वेळ लागतो. सरकारी संशोधन अनुदान बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी मिळते. औषध कंपन्यांना गुंतवलेल्या भांडवलावर परतावा हवा असतो. या कर्करोगाविषयीचे मूलभूत प्रश्न मात्र वीस-वीस, तीस-तीस वर्षे उत्तराची वाट पाहायला लावतात. या प्रतीक्षेचा खर्च कोणी करावयाचा, हा खरा प्रश्न आहे. गेल्या चार दशकांत या प्रश्नाचे एक उत्तर अशा कुटुंबांनी दिले आहे, ज्यांनी आपली आई, पत्नी किंवा बहीण या आजारात गमावली. हे उत्तर कितपत पुरेसे आहे आणि भारताने त्यातून काय घ्यावे, याचा विचार होणे आवश्यक आहे.

बहिणीच्या स्मरणार्थ

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१२ मध्ये बासर केंद्राची स्थापना झाली. ब्लॅकस्टोन या वित्तसंस्थेतील वरिष्ठ अधिकारी जॉन ग्रे आणि त्यांच्या पत्नी मिंडी ग्रे यांनी त्यासाठी अडीच कोटी डॉलरची देणगी दिली. दोघेही याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आहेत. मिंडी ग्रे यांची बहीण फेथ बासर यांचे वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने निधन झाले होते. केंद्राला त्यांच्याच कुटुंबाचे नाव देण्यात आले.

या देणगीचे वेगळेपण असे की, ती रुग्णालयाच्या इमारतीसाठी नव्हती. ती एका प्रश्नासाठी होती. 'बीआरसीए १' आणि 'बीआरसीए २' या नावांनी ओळखली जाणारी दोन जनुके प्रत्येक व्यक्तीच्या शरीरात असतात. पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम होय. यांपैकी एखादे जनुक जन्मतःच सदोष असेल, तर हे दुरुस्तीचे काम नीट होत नाही आणि कर्करोगाचा धोका वाढतो. सर्वसामान्य स्त्रीला आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास असते. 'बीआरसीए १' सदोष असलेल्या स्त्रियांमध्ये हीच शक्यता ३९ ते ५८ टक्के आणि 'बीआरसीए २' सदोष असलेल्या स्त्रियांमध्ये १३ ते २९ टक्के असते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची माहिती सांगते. हा दोष आईकडून येऊ शकतो, तसाच तो वडिलांकडूनही येऊ शकतो.

दहा वर्षांनंतर, २०२२ मध्ये, ग्रे दांपत्याने याच केंद्राला आणखी साडेपाच कोटी डॉलर दिले. या वेळचा हेतू आणखी पुढचा होता. कर्करोग झाल्यावर उपचार करण्याऐवजी तो पेशींत आकार घेत असतानाच त्याला वाटेत अडवता येईल काय, याचा शोध घेण्यासाठी स्वतंत्र विभाग उभारण्यात आला. जनुकीय दोष असलेल्या, परंतु निरोगी व्यक्तींना लस देऊन त्यांच्या रोगप्रतिकारशक्तीला आधीच सज्ज करता येईल काय, याची प्राथमिक टप्प्यातील चाचणीही तेथे हाती घेण्यात आली. तिचा अंतिम निष्कर्ष हाती येण्यास अनेक वर्षे लागतील.

या उदाहरणात रकमेपेक्षा कालावधी अधिक महत्त्वाचा आहे. तेच कुटुंब, तीच संस्था आणि तोच विषय एका दशकानंतरही कायम राहिला. असे सातत्य दाखवणारी इतर कुटुंबेही आहेत. न्यूयॉर्क येथे सोल श्रायबर यांनी पत्नी ॲन यांच्या स्मरणार्थ १९९४ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभारला. तरुण संशोधकांना ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाखाली या विषयात स्थिर होता यावे, यासाठी त्यांच्या नावाने अनुदान दिले जाते. सिस्को कंपनीचे माजी अधिकारी डॉन लिस्टविन यांची आई २००१ मध्ये याच आजाराने दगावली. त्यानंतर २००४ मध्ये त्यांनी कर्करोगाच्या लवकर निदानावरील संशोधनासाठी कॅनरी प्रतिष्ठान स्थापन केले.

संयमाची परीक्षा घेणारा आजार

लवकर निदान हे शब्द उच्चारण्यास सोपे आहेत. अंडाशयाच्या कर्करोगात ते साध्य होणे अत्यंत अवघड ठरले आहे. पोट फुगणे, लवकर पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही त्याची लक्षणे होत. ती अपचनाची किंवा वाढत्या वयाची म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. अमेरिकेतील आकडेवारीनुसार आजार अंडाशयापुरता मर्यादित असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. तो शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला, तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. दुर्दैवाने बहुसंख्य रुग्णांचे निदान उशिराच होते.

या ठिकाणी मुंबईतील एका चाचणीची तुलना उद्बोधक ठरेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी टाटा मेमोरियल केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तपासणी अगदी साधी, सौम्य व्हिनेगर लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहण्याची होती. अशी तपासणी झालेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. या चाचणीसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने अर्थसाहाय्य केले होते. गर्भाशयमुख तपासणाऱ्याला दिसू शकते, अंडाशय दिसत नाही. अंडाशयासाठी अशी सोपी आणि विश्वासार्ह तपासणी आजही उपलब्ध नाही.

ती शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. २००१ ते २००५ या काळात रजोनिवृत्ती झालेल्या २ लाख २ हजार ६३८ स्त्रियांना या चाचणीत सामील करण्यात आले. एका गटाची दरवर्षी रक्ततपासणी, दुसऱ्या गटाची दरवर्षी सोनोग्राफी आणि तिसऱ्या गटाला नेहमीचीच वैद्यकीय सेवा, अशी विभागणी होती. वार्षिक तपासण्या २०११ पर्यंत चालल्या आणि त्यानंतरही या स्त्रियांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. वैद्यकीय संशोधन परिषद, ब्रिटनचे आरोग्य खाते, कॅन्सर रिसर्च यूके आणि ईव्ह अपील या धर्मादाय संस्था अशा सर्वांनी मिळून त्याचा भार उचलला.

अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ततपासणीच्या गटात आजार पहिल्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले होते. मृत्यूंचे प्रमाण मात्र उल्लेखनीय असे कमी झाले नव्हते. वीस वर्षांच्या श्रमांचे उत्तर नकारार्थी आले. आप्तांच्या स्मरणार्थ निधी देणाऱ्यांना हे उत्तर पचवणे जड जाणार, हे उघड आहे. परंतु या उत्तराचेही मोल आहे. निरोगी स्त्रियांना निरुपयोगी तपासण्या आणि त्यातून उद्भवणाऱ्या अनावश्यक शस्त्रक्रिया यांपासून वाचवण्याचा भक्कम आधार त्यामुळे मिळाला. संशोधकांनाही दुसरी वाट शोधणे भाग पडले.

उत्तर दुसऱ्याच जागी

ही दुसरी वाट त्याआधीच दृष्टिपथात येऊ लागली होती. २००१ मध्ये नेदरलंड्समधील संशोधकांनी, घराण्यात कर्करोगाचा इतिहास असलेल्या स्त्रियांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या गर्भनलिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत कर्करोगपूर्व बदल आढळले. पुढे बॉस्टन येथील अभ्यासांनी या निरीक्षणाला बळकटी दिली. अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा आणि घातक प्रकार पुष्कळदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो आणि तेथून अंडाशयात पसरतो, असे आता मानले जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार नलिकेतील पहिल्या बदलापासून अंडाशयातील कर्करोगापर्यंत सरासरी साडेसहा वर्षे जातात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रॉनी ड्रापकिन हे या अभ्यासाच्या प्रमुख संशोधकांपैकी एक होते.

साडेसहा वर्षांचा हा अवधी म्हणजे आजार अडवण्याची संधी होय. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून एक मोहीम राबवली गेली. इतर कारणाने गर्भाशयाची शस्त्रक्रिया किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया होत असेल, तर त्याच वेळी दोन्ही गर्भनलिका काढण्याचा पर्याय स्त्रियांपुढे ठेवावा, असे तेथील डॉक्टरांना सुचवण्यात आले. अंडाशय तसेच ठेवले जात असल्याने संप्रेरकांचे कार्य चालू राहते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नलिका काढलेल्या स्त्रियांमध्ये या घातक प्रकाराचे सुमारे पाच रुग्ण अपेक्षित असताना एकही आढळला नाही. संख्या लहान आहे, हे लक्षात ठेवावयास हवे. तथापि दिशा स्पष्ट आहे.

श्रायबर यांनी उभारलेला निधी २०१६ मध्ये दुसऱ्या एका संघटनेत विलीन होऊन अंडाशयाच्या कर्करोगावरील अमेरिकेतील मोठी संस्था निर्माण झाली. या संस्थेने २०२३ च्या प्रारंभी आपला सल्ला बदलला. लक्षणे आणि लवकर निदान यांवरच भर देण्याऐवजी, स्त्रियांनी आपला जनुकीय धोका जाणून घ्यावा आणि मूल होण्याचे वय उलटल्यावर अन्य कारणाने शस्त्रक्रिया होत असल्यास नलिका काढण्याचा विचार करावा, असे तिने जाहीर केले. आपल्याच जुन्या आशेविरुद्ध गेलेला पुरावा मान्य करणे, हे दीर्घकालीन दातृत्वाच्या परिपक्वतेचे लक्षण म्हटले पाहिजे.

पैशाचे दान आणि माहितीचे दान

या संशोधनात कुटुंबांनी केवळ पैसा दिला, असे समजणे चुकीचे ठरेल. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील रॉसवेल पार्क कर्करोग केंद्रात डॉ. स्टीव्हन पिव्हर यांनी १९८१ मध्ये एक नोंदवही सुरू केली. ज्या घराण्यांत एकीहून अधिक स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग झाला आहे, त्यांचे वंशवृक्ष आणि वैद्यकीय माहिती तीत जमा होऊ लागली. त्या काळी हा आजार आनुवंशिक असू शकतो, ही कल्पना सर्वमान्य झालेली नव्हती.

लोकप्रिय विनोदी अभिनेत्री गिल्डा रॅडनर यांना १९८६ मध्ये या कर्करोगाचे निदान झाले. त्याआधी अनेक महिने त्यांच्या तक्रारींचे खरे कारण डॉक्टरांच्या लक्षात आले नव्हते. मे १९८९ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या घराण्यात हा आजार पूर्वीही होऊन गेला होता. त्यांचे पती, अभिनेते जीन वाइल्डर यांनी नंतर जाहीरपणे या विषयावर काम केले, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली आणि पिव्हर यांच्या नोंदवहीला गिल्डा यांचे नाव देण्यात आले. एका प्रसिद्ध नावामुळे असंख्य अनोळखी घराण्यांना आपला इतिहास सांगण्याचे धैर्य मिळाले.

या नोंदवहीचे एक फळ २०१८ मध्ये हाती आले. तीतील घराण्यांचा अभ्यास करताना संशोधकांना असे दिसले की, वडिलांच्या आईला हा कर्करोग झाला असल्यास नातींमध्ये तो लवकरच्या वयात दिसण्याची प्रवृत्ती आढळते. वडिलांकडून मुलींकडे जाणाऱ्या एक्स गुणसूत्रावर यास कारणीभूत असलेले जनुक असावे, असे अनुमान त्यांनी मांडले. १९८१ मध्ये लिहून घेतलेल्या माहितीला ३७ वर्षांनी नवा अर्थ प्राप्त झाला. माहिती गोळा करणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना तेव्हा या प्रश्नाची कल्पनाही नव्हती.

'बीआरसीए १' या जनुकाचा शोधही अशाच घराण्यांच्या सहकार्यावर आधारलेला होता. मेरी-क्लेअर किंग यांनी १९७४ पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. २३ घराण्यांतील स्तनाच्या कर्करोगाच्या १४६ रुग्णांचा अभ्यास करून १९९० मध्ये त्यांनी हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवून दिले. सोळा वर्षे एका अनुमानामागे जाणे त्या काळी अनेकांना व्यर्थ वाटत होते.

ज्ञान कोणाच्या मालकीचे?

त्यानंतर जे घडले, ते दात्यांनी आणि धोरणकर्त्यांनी विसरू नये असे आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील उटा राज्यातील संशोधकांनी आणि मिरियड जेनेटिक्स या कंपनीने या जनुकाची नेमकी रचना प्रथम शोधून काढली. उटातील घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी या शोधाला उपयोगी पडल्या. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या संशोधकांचाही त्यात सहभाग होता. परंतु कंपनीने या जनुकावर स्वामित्व हक्क मिळवले आणि चाचणी करण्याचा अधिकार जवळजवळ एकहाती आपल्याकडे ठेवला. चाचणीचा खर्च तीन हजार डॉलरच्या पुढे गेला. इतर प्रयोगशाळांकडून दुसरे मत घेण्याची सोयही स्त्रियांना राहिली नाही.

संशोधक, डॉक्टर आणि रुग्ण यांनी याविरुद्ध दाद मागितली. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, निसर्गतः आढळणाऱ्या डीएनएवर कोणालाही स्वामित्व हक्क सांगता येणार नाही. त्यानंतर अनेक प्रयोगशाळा या क्षेत्रात आल्या आणि चाचणीची किंमत उतरली. ज्या घराण्यांनी विश्वासाने आपली माहिती दिली, त्यांच्याच लेकींना त्या ज्ञानासाठी वीस वर्षे वाट पाहावी लागली. देणगी देताना निष्कर्ष सर्वांसाठी खुले राहतील, ही अट घालणे का महत्त्वाचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

औषधाची कथाही वेळेच्या दृष्टीने अशीच आहे. डीएनए दुरुस्तीचा एक मार्ग आधीच बंद असलेल्या पेशींचा दुसरा मार्गही बंद केल्यास कर्करोगाच्या पेशी मरतात, हे २००५ मध्ये ब्रिटनमधील दोन संशोधन गटांनी दाखवले. या तत्त्वावर आधारलेल्या ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 'बीआरसीए' दोष असलेल्या आणि प्राथमिक उपचारांना प्रतिसाद दिलेल्या रुग्णांमध्ये आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका या औषधाने ७० टक्क्यांनी कमी केला. सात वर्षांनंतर औषध घेतलेल्यांपैकी ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. जनुकाचा ठावठिकाणा लागल्यापासून औषध रुग्णाच्या हाती पडेपर्यंत २४ वर्षे लागली होती.

दातृत्वाच्या मर्यादा

कौटुंबिक दातृत्वाचे हे गुण मान्य करूनही त्याच्या मर्यादा नजरेआड करता येणार नाहीत. पहिली मर्यादा अशी की, देणगी दुःखाच्या दिशेने जाते, गरजेच्या दिशेने जाईलच असे नाही. आनुवंशिक 'बीआरसीए' दोष अंडाशयाच्या कर्करोगाच्या सर्वच रुग्णांत नसतो. बहुतेक स्त्रियांना हा आजार अशा दोषाविना होतो. त्यांच्या नशिबी श्रीमंत घराणे किंवा प्रसिद्ध नाव नसेल, तर त्यांच्या प्रश्नांवर संशोधन कोणी करावयाचे?

दुसरी मर्यादा सातत्याची आहे. आज उदार असलेली व्यक्ती उद्या आर्थिक अडचणीत येऊ शकते आणि पुढच्या पिढीला त्या विषयात रस असेलच, याची शाश्वती नसते. तिसरी गोष्ट म्हणजे, दोन लाख स्त्रियांची चाचणी कोणत्याही एका कुटुंबाच्या बळावर होत नाही. ब्रिटनमध्ये ती शक्य झाली, कारण तेथे सार्वजनिक आरोग्य सेवेची यंत्रणा आणि मृत्यूंची विश्वासार्ह नोंद उपलब्ध होती. अमेरिकेतही १९९७ पासून केंद्र सरकारने संरक्षण खात्यामार्फत या आजाराच्या संशोधनासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवला. कौटुंबिक निधी सरकारी निधीची जागा घेऊ शकत नाही. सरकारी निधी ज्या ठिकाणी कचरतो, त्या ठिकाणी पहिले पाऊल टाकणे आणि तो थांबतो तेथे तग धरणे, हे त्याचे खरे काम होय.

भारतापुढील प्रश्न

भारताला ही परंपरा अपरिचित नाही. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पती सर दोराबजी टाटा यांनी एप्रिल १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ याच आजारावरील संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि जूनमध्ये त्यांचेही निधन झाले. त्या वेळी या आजारावर परिणामकारक औषध नव्हते. बालरुग्णांमध्ये औषधाने आजार तात्पुरता हटल्याचे पहिले वृत्त १९४८ मध्ये बॉस्टनहून आले आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाला जणू काबूत आणणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये बाजारात आले. हे यश काही एका न्यासाचे नव्हे. परंतु उत्तर आपल्या हयातीत मिळणार नाही, हे जाणून दिलेले दान कसे असते, याचे हे भारतीय उदाहरण आहे. टाटांच्याच न्यासातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. पुढे १९५७ मध्ये ते आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. कुटुंबाने आरंभ केला आणि शासनाने ते चालवले, असा हा क्रम होता.

नोंदवहीची परंपराही येथे आहे. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. बार्शीच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन माहिती जमवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या श्रमातून ग्रामीण स्त्रियांच्या आजाराचे चित्र प्रथमच विश्वसनीय स्वरूपात समोर आले.

उणीव आहे ती घराण्यांच्या आनुवंशिक माहितीची. भारतातील अभ्यासांत अंडाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे एकपंचमांश ते एकचतुर्थांश रुग्णांमध्ये 'बीआरसीए' जनुकांतील दोष आढळले आहेत. परंतु जगातील जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती प्रामुख्याने आहे. परिणामी भारतीय स्त्रीची चाचणी केल्यावर, बदल सापडला परंतु त्याचा अर्थ सांगता येत नाही, असा अहवाल येण्याची शक्यता अधिक असते. अशा अहवालावर डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देऊ शकत नाहीत आणि काळजी करू नका, असेही म्हणू शकत नाहीत. ही अनिश्चितता परदेशातील संशोधनाने दूर होणार नाही. येथील घराण्यांची माहिती वर्षानुवर्षे जमवली, तरच ती दूर होईल.

या कामात पैशाइतकाच मोठा अडथळा संकोचाचा आहे. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत विघ्न नको म्हणून घरातील कर्करोग झाकून ठेवला जातो. आजीला काय झाले होते, असे विचारल्यास पोटाचा आजार एवढेच उत्तर मिळते. आईकडील माहिती निदान मावशीकडून तरी कळते. आत्याचा किंवा वडिलांच्या आईचा आजार मात्र मुलीच्या प्रकृतीशी संबंधित आहे, हे अनेकांच्या ध्यानीही येत नाही. वस्तुतः वडिलांकडून येणारा दोष तितकाच महत्त्वाचा असतो. आजीचे नाव न घेता पाळलेले मौन नातीच्या जिवावर बेतू शकते.

दीर्घकालीन संशोधनासाठी कौटुंबिक निधी भारतात उभा राहू शकतो, याचा अलीकडचा दाखलाही आहे. इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन आणि त्यांच्या पत्नी सुधा यांच्या न्यासाने बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत मेंदू संशोधन केंद्रासाठी २२५ कोटी रुपये देण्याचे ठरवले. या केंद्राच्या वतीने कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातील ग्रामस्थांच्या वाढत्या वयातील मेंदूविषयी दीर्घ मुदतीचा अभ्यास सुरू आहे. अंडाशयाच्या कर्करोगासाठी असाच प्रयत्न झाल्यास त्याचे स्वरूप फार भव्य असण्याची गरज नाही. रुग्णालयांना जोडलेली घराण्यांची नोंदवही, समुपदेशकांचे स्थिर वेतन, गरीब रुग्णांच्या बहिणी आणि लेकींच्या चाचणीचा खर्च आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवण्याची अट, इतके पुरेसे आहे. यांपैकी कशावरही कोनशिला बसवता येत नाही, आणि म्हणूनच अशा कामाला दाता मिळणे कठीण जाते.

फेथ बासर किंवा गिल्डा रॅडनर यांना या संशोधनाचा लाभ झाला नाही. लेडी मेहरबाईंनाही झाला नाही. त्यांच्या आप्तांना हे ठाऊक होते. आपल्या माणसासाठी उशीर झालेला असताना दुसऱ्याच्या लेकीसाठी वेळेवर पोहोचण्याची तजवीज करणे, हा या दातृत्वाचा अर्थ आहे. भारतात दरवर्षी या आजाराने सुमारे ३३ हजार घरे आपली स्त्री गमावतात. त्यांपैकी प्रत्येक घराला निधी देणे शक्य नाही. परंतु घराण्याचा खरा इतिहास डॉक्टरांना सांगणे प्रत्येक घराला शक्य आहे. त्या इतिहासाची नोंद ठेवून तो पुढील तीस वर्षे जपणारी व्यवस्था उभी करणे ही मात्र सधन कुटुंबांची आणि शासनाची संयुक्त जबाबदारी राहील.